वाटेवरचा सोबती

भय नेमके कशाचे वाटते, भुताखेताचे की माणसाचे, या प्रश्नाचे एक जुने उत्तर शब्दांच्या इतिहासात दडलेले आहे. ‘ठक’ आणि ‘ठग’ हे शब्द झाकणे, लपवणे या अर्थाच्या संस्कृत ‘स्थग्’ धातूशी जोडले जातात आणि मराठीत ‘ठकवणे’, ‘ठकास महाठक’ असा त्यांचा संसार फसवणुकीपुरताच राहिला. प्रवाशाचा गळा आवळून त्याला लुटणाऱ्यासाठी दक्षिणेत ‘फासेगार’ हा निराळा, रोखठोक शब्द होता. एकाच धंद्याला उत्तरेने फसवणुकीवरून नाव दिले आणि दक्षिणेने फासावरून. या दोहोंत उत्तरेचे नाव अधिक नेमके म्हणावे लागेल, कारण फास हे त्या धंद्याचे शेवटचे पाऊल होते आणि त्याआधीचे सगळे काम गोड बोलण्याचे होते.

आगगाडी येण्यापूर्वी दूरचा प्रवास पावसाळा सरल्यावर सुरू होई, आणि एकट्यादुकट्याने जाण्यापेक्षा सोबत गाठून जाणे हाच शहाणपणा मानला जाई. ठगांचा व्यवसाय या शहाणपणावरच उभा होता. रजेवर घरी निघालेला शिपाई वर्षावर्षांची शिल्लक कमरेला बांधून चाले, म्हणून कंपनीच्या लष्कराने १८१० मध्ये आपल्या शिपायांना अनोळखी वाटसरूंपासून सावध राहण्याची आणि पैसा हुंडीने धाडण्याची ताकीद दिली होती. ठगांच्या ‘रामसी’ या सांकेतिक बोलीत माणसे वाटून दिलेल्या कामांवरून ओळखली जात: ओळख वाढवून वाटसरूला टोळीत ओढणारा तो ‘सोठा’, गळा आवळणारा ‘भरतोट’, त्या वेळी हात धरून ठेवणारा ‘शमशिया’ आणि खड्डा खणून प्रेत पुरणारा ‘लुघा’. कित्येक दिवस एकत्र चालणे, एका झाडाखाली चुली मांडणे, गाणी-गोष्टी ऐकवणे असे सगळे झाल्यावर, बहुधा पहाटेच्या किंवा सांजेच्या मुक्कामात, पाहुण्याच्या मागे एक जण सहज येऊन बसे. मग कोणीतरी तंबाखू आणायला सांगे. हे साधे वाक्य म्हणजे ‘झिरणी’, अर्थात ठरलेली खूण असे, आणि ते उच्चारले जाताच पाठीमागून रुमाल गळ्याभोवती पडे. शस्त्र म्हणावे असे तेथे काही नव्हते. होता तो कोणाच्याही खांद्यावर असतो तसा कापडाचा तुकडा.

या व्यवसायाभोवती देवीच्या कथेचे एक दाट कवच होते. रक्तबीज नावाच्या राक्षसाच्या रक्ताच्या प्रत्येक थेंबातून नवा राक्षस उभा राहू लागला, तेव्हा देवीने आपल्या घामातून दोन पुरुष निर्माण केले, रक्त न सांडता मारण्यासाठी त्यांना रुमाल दिला आणि ते ठगांचे मूळपुरुष झाले, अशी ती कथा आहे. त्याला जोडून शकुन-अपशकुनांचे मोठे शास्त्र होते, खड्डे खणण्याच्या ‘कस्सी’ नावाच्या कुदळीची पूजा होती आणि खुनानंतर सव्वा रुपयाचा गूळ वाटून खाण्याचा ‘तुपोनी’ हा विधी होता. एकदा हा गूळ चाखला की माणूस दुसऱ्या धंद्याचा राहत नाही, अशी समजूत होती. स्त्रिया, फकीर, भाट, धोबी, लोहार, सुतार, तेली, अपंग यांना मारू नये असाही दंडक होता. मात्र माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांच्या जबान्यांतूनच दिसते की लूट मोठी असली म्हणजे हा दंडक मोडला जाई, आणि पुढे टोळी पकडली गेली तर त्याचा दोष देवीच्या कोपाला लावला जाई. श्रद्धा खोटी होती असे यावरून ठरत नाही, पण खुनाचे कारण तिच्यात शोधण्यात अर्थ नाही एवढे उघड होते.

इंग्रज अधिकाऱ्यांना मात्र तेच कारण सोयीचे वाटले. मद्रासचे डॉक्टर शेरवुड यांनी १८१६ मध्ये फासेगारांवर लेख लिहिला होता, पण हा विषय गाजवला तो विल्यम स्लीमन यांनी. १८३० च्या सुमारास फिरंगिया हा नामांकित ठग हाती लागल्यावर, त्याच्या आणि इतर साक्षीदारांच्या जबान्यांवरून त्यांनी टोळ्यांचे जाळे उलगडले, १८३६ मध्ये रामसी बोलीचा कोश छापला आणि त्याच वर्षीच्या कायद्याने केवळ ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरला. निजामाच्या चाकरीतील फिलिप मेडोज टेलर यांनी १८३९ मध्ये अमीर अली या ठगाच्या तोंडून सांगितलेली कादंबरी प्रसिद्ध केली. विलायतेतील वाचकापुढे यामुळे उभे राहिले ते रक्तपिपासू देवीच्या गूढ संप्रदायाचे चित्र. किम वॅग्नर यांच्यासारख्या अलीकडच्या अभ्यासकांनी ते बरेच पुसले असून, स्थानिक जमीनदारांच्या आश्रयाने चालणारी, बेकार शिपाई आणि शेतकरी यांना सामावून घेणारी वाटमारी, असे ठगांच्या धंद्याचे स्वरूप मांडले आहे. चंबळ-यमुनेच्या दुआबात, शिंद्यांच्या अमलाखाली, ठगांच्या घरांवर कर बसवला जात असल्याची नोंद तर खुद्द स्लीमन यांच्या कागदांत आहे. ज्या देवीचा एवढा धाक सांगितला जातो, तिच्या भक्तांची घरपट्टी सरकारी वहीत जमा होत होती, हे विसरून चालत नाही.

देवीचा पडदा बाजूला केला की ही दहशत कमी होत नाही, उलट वाढते. कोकणातील भुतांशी तुलना केली तर हे कळते. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी गावोगावच्या शाळामास्तरांकडून लोकसमजुती जमवल्या होत्या. १९०९ मध्ये त्यांची हत्या झाल्यावर एन्थोव्हेन या अधिकाऱ्यांनी १९१५ मध्ये त्यातील कोकणचा भाग छापला. त्या माहितीत मुंजा पिंपळावर असतो, गिऱ्हा पाण्यात असतो, देवचार गावाच्या सीमेवर असतो आणि नारळ, केळी, कोंबडे वेळच्या वेळी मिळाले की तो शांत राहतो. प्रत्येक भुताला ठिकाण आहे, वेळ आहे, मागणी आहे आणि उताराही आहे. गावाने त्याच्याशी करारच केला आहे म्हणा ना! वाटेवरच्या सोबत्याशी असा करार होऊ शकत नव्हता, कारण त्याचे ठिकाण आपल्याच चुलीशेजारी होते आणि त्याची वेळ कोणती हे त्याच्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते.

माणसाविषयीच्या या भीतीवर सरकारने जो उतारा शोधला, तोही भुताच्या उताऱ्यासारखाच निघाला. गुन्हा रक्तातून आणि कुळातून येतो ही ठगांच्या मोहिमेत रुजलेली कल्पना १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात उतरली, १९११ च्या सुधारित कायद्याने तिची व्याप्ती देशभर वाढली, आणि ज्यांनी रुमाल कधी हातात धरला नाही अशा पारध्यांसारख्या जमातींना हजेरी आणि तारेच्या कुंपणातली वसाहत भोगावी लागली. सोलापूरची ‘सेटलमेंट’ ही अशीच एक वसाहत होती. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, आणि महाराष्ट्रातील भटके-विमुक्त समाज हा दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळतात.