मेघांआडचे पहारेकरी

युद्धाच्या इतिहासांत यंत्रांचा महिमा फार गाइला जातो; यंत्राची दृष्टि जेथें संपते तेथून पुढचें काम कोणीं केलें, हें मात्र सहज विसरलें जातें. १९४० सालचें ब्रिटनवरील हवाई युद्ध हें याचें बोलकें उदाहरण होय.

किनाऱ्यावरील रडारचे मनोरे समुद्राकडे तोंड करून उभे होते. शत्रूचीं विमानें किनारा ओलांडून आंत शिरलीं, कीं त्यांचा माग काढण्याचा भार ‘ऑब्झर्व्हर कोअर’च्या सुमारें ३०,००० नागरिकांवर पडे. आभाळ भरून आलें म्हणजे त्यांच्या दुर्बिणी निरुपयोगी ठरत. मग केवळ इंजिनाच्या घरघरीवरून विमानाची दिशा ताडावी लागे.

ओळख चुकल्यास केवढा अनर्थ ओढवतो, हें ६ सप्टेंबर १९३९ रोजींच दिसून आलें होतें. त्या दिवशीं ब्रिटिश स्पिटफायर विमानांनीं स्वपक्षाचींच दोन हरिकेन विमानें पाडलीं व एक तरुण वैमानिक प्राणांस मुकला.

१८ ऑगस्ट १९४० रोजीं ढगांमुळें जर्मनांचीं उंचावरून येणारीं विमानें मागें रेंगाळलीं. परंतु नऊ डॉर्निअर विमानें रडारला चुकवीत, समुद्राला लगटून पुढें आलीं. बीची हेडच्या कड्यावरील पहारेकऱ्यांनीं तीं हेरलीं आणि केनली विमानतळास आगाऊ इशारा मिळाला. तेथील तीन हँगर त्या दिवशीं नष्ट झाले खरे. पण तो घाला बेसावधपणीं पडला नाहीं.

१९४१ मध्यें या दलास ‘रॉयल’ हें बिरुद मिळालें. सामान्य नागरिकाच्या सावधपणाचा तो गौरव होता.