सातबारा नसलेली शेती

नर्मदाकाठच्या लढ्याचा इतिहास आपण बहुधा धरणाच्या उंचीपासून सांगू लागतो. मला तो सातबाऱ्यापासून सांगावासा वाटतो.

नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ साली निवाडा दिला. ज्या कुटुंबाची २५ टक्क्यांहून अधिक जमीन जाईल, त्याला किमान दोन हेक्टर सिंचनयोग्य जमीन. सज्ञान मुलगा हे स्वतंत्र कुटुंब. त्या काळाच्या मानाने ही तरतूद उदारच होती. पण जमीन कोणाची, हे ठरवणार कागद.

सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावे येत होती, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. अक्राणीतल्या अनेक गावांची नोंद वनगावे अशी होती. भिल्ल-पावरा कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कसत आलेले डोंगरउतारावरचे नेवाड दप्तरी वनखात्याचे होते. त्यामुळे शेत बुडणार होते शेतकऱ्याचे, पण तो कागदावर ठरला 'अतिक्रमणदार'.

१९८६ साली नर्मदा धरणग्रस्त समिती उभी राहिली, तेव्हा 'आम्हाला मोजा' ही मागणी म्हणूनच मोलाची होती. जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. लोकांच्या विरोधामुळे तिला १९९१ मध्ये मोर्स समिती नेमावी लागली. जून १९९२ च्या अहवालात समितीने या तथाकथित अतिक्रमणदारांचा प्रश्न ऐरणीवर आणला आणि बँकेने प्रकल्पातून मागे सरावे, असे सुचवले. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नाकारले.

महाराष्ट्रात पाणी आधी शिरले ते मणिबेलीत. हे गाव तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा १९९८ चा. १९९४ साली जगभरच्या ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेने पैसा देऊ नये, असे जाहीर केले आणि त्या जाहीरनाम्याला मणिबेलीचे नाव दिले. गाव बुडाले, नाव जगभर गेले.

पुनर्वसनासाठी तळोद्याचे जंगल दिले गेले. तिथेही काही जमीन आदिवासी आधीपासून कसत होते; त्यांच्याकडेही कागद नव्हता. एका बेदखल माणसाला जागा द्यायला दुसऱ्याची शेती लागली.

वनहक्क कायदा आला २००६ साली. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे त्याच्या प्रास्ताविकातच मान्य केले आहे. निवाड्याला तोवर २७ वर्षे झाली होती. धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के, हे मात्र १९७९ मध्येच ठरले होते. वीज तयार होण्याआधी वाटून झाली; नेवाड मात्र बुडेपर्यंत शेत ठरले नाही.