वाळूवर हवा सोडावी लागते

दुबईला जाऊन वाळवंटाची सफर करून आलेला माणूस एक गोष्ट हमखास सांगतो. डांबरी रस्ता संपला की चालक गाडी थांबवतो, खाली उतरतो आणि चारही टायरमधली हवा सोडू लागतो. पाहणारा बुचकळ्यात पडतो. आपण प्रवासाला निघताना पेट्रोल पंपावर थांबून हवा भरून घेणारी माणसं. हा गृहस्थ ऐन मोक्याला ती काढतोय!

मराठीत 'हवा काढून घेणं' म्हणजे एखाद्याचा तोरा उतरवणं. वाळवंटात मोटारीचं नेमकं हेच करावं लागतं. ही साधी युक्ती माणसाला कशी गवसली, याचा इतिहास इजिप्त आणि लिबियाच्या वाळूत लिहिलेला आहे.

आधी थोडा हिशेब करू. समजा गाडी दोन हजार किलोची आहे. म्हणजे प्रत्येक चाकावर पाचशे किलो भार. टायरमध्ये तीस पौंड हवा असेल, तर चाकाचा जमिनीला टेकणारा भाग ढोबळमानाने दोन पोस्टकार्डांएवढा असतो. हवा पंधरा पौंडांवर आणली की तो चार पोस्टकार्डांएवढा होतो. भार तोच, पण दुप्पट जागेवर पसरलेला. म्हणून चाक रुतत नाही. हवा कमी केल्यावर टायर रुंदीला थोडा आणि लांबीला पुष्कळ पसरतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा.

उंटाला ही विद्या जन्मजात येते. त्याच्या पायाला दोन बोटं आणि खाली मऊ, रुंद गादी असते. पाऊल टेकलं की ती पसरते. घोड्याचा टणक खूर रुतेल तिथून उंट सहज चालत जातो. मात्र इजिप्त-लिबिया सीमेवरच्या विशाल वाळूसागरापुढे उंटही हरला. तिथे शंभर मीटरहून उंच टेकड्यांच्या रांगा साधारण उत्तर-दक्षिण पसरल्या आहेत, आणि आत विहीर नाही. १८७४ साली गेरहार्ड रोल्फ्स हा जर्मन प्रवासी उंटांचा तांडा घेऊन पश्चिमेकडे कुफ्राच्या दिशेनं निघाला. पण एक रांग ओलांडावी तर पुढे दुसरी उभी! शेवटी रांगांच्या मधल्या वाटेनं त्याला उत्तरेकडे, सीवाच्या मरूद्यानाकडे वळावं लागलं. पुढे १९२३ मध्ये अहमद हसनैन या इजिप्शियन प्रवाशानं उंटांवरूनच कुफ्रा गाठलं आणि त्याही पलीकडचा उवेनातचा डोंगर जगाला दाखवला. तोही या सागराला वळसा घालूनच.

मोटारी आल्या त्या पहिल्या महायुद्धात. १९१६ पासून ब्रिटिशांच्या हलक्या मोटारींच्या तुकड्या सनुसींविरुद्ध या भागात फिरू लागल्या. गाड्या होत्या फोर्डच्या 'मॉडेल टी'. पण त्या काळचे टायर अरुंद असत आणि त्यांत पन्नास-साठ पौंड हवा ठासून भरलेली असे. खडकाळ सपाटीवर ते धावत. मऊ वाळू आली की सुरीसारखे आत शिरत. फ्रेंचांनी वेगळी वाट धरली. सित्रोएन कंपनीच्या मोटारींना मागे चाकांऐवजी रबरी पट्टे बसवले, आणि १९२२ च्या डिसेंबरात निघून जानेवारी १९२३ मध्ये सहारा ओलांडून त्या तिंबक्तूला पोचल्या. त्याच सुमारास रुंद, कमी हवेचे 'बलून टायर' बाजारात आले. ते केले होते शहरातल्या लोकांना हादरे बसू नयेत म्हणून. वाळवंटाला त्यांचा उपयोग होईल हे कुणाच्या ध्यानीमनी नसावं.

ते हेरलं रॅल्फ बॅगनॉल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं. कैरोत नेमणूक असताना त्याला वाळवंटाचं वेड लागलं. रजा काढायची, मित्र जमवायचे, पदरचे पैसे घालायचे आणि फोर्ड गाड्या घेऊन निघायचं. १९२९ आणि १९३० च्या मोहिमांत त्यानं वाळूसागरात गाड्या घातल्या. हवा किती कमी करायची, हे तो अनुभवातून शिकत गेला. रुतलेल्या चाकाखाली घालायला लोखंडी पन्हळी घेतल्या. रेडिएटरमधून वाफ होऊन जाणारं पाणी डब्यात धरून परत वापरायची सोय केली. विहीर नव्हती म्हणून उंट हरला होता. मोटार आपलं पाणी आपल्याबरोबर नेऊ शकत होती.

सगळी वाळू सारखी नसते, हेही त्यानं ओळखलं. वाऱ्याकडची चढण दाबून बसलेली, बऱ्यापैकी घट्ट असते. पलीकडची उतरण मात्र नुकत्याच ओतलेल्या धान्यासारखी सैल आणि तेहेतीस-चौतीस अंशांची तीव्र. घट्ट चढणीवर वेग घेऊन सरळ जायचं, पण माथ्यापाशी सावध राहायचं. वाळू अशी का साचते, या कुतूहलातून त्यानं १९४१ मध्ये वाऱ्यानं उडणाऱ्या वाळूच्या भौतिकशास्त्रावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तो आजही अभ्यासला जातो.

हौसेनं मिळवलेलं हे ज्ञान लवकरच युद्धाच्या कामी आलं. निवृत्त झालेल्या बॅगनॉल्डला १९३९ साली परत बोलावण्यात आलं. तो निघाला होता केनियाला. वाटेत जहाजाला टक्कर झाली आणि तो इजिप्तमध्ये उतरला. जनरल वेव्हेल यांनी त्याला १९४० च्या उन्हाळ्यात तुकडी उभारायला सहा आठवडे दिले. हाच पुढे 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप' झाला. सुरुवातीच्या शेव्हर्ले ट्रकांना फक्त मागच्या चाकांना गती मिळे, तरी त्यांनी तो वाळूसागर ओलांडला. ज्या बाजूनं कुणी येणार नाही असं इटालियन सैन्य धरून चाललं होतं, त्या बाजूनं ते आले.

१९४२ च्या उत्तरार्धात या दलाच्या जोडीला 'इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन' आली. आपल्या घोडदळाच्या रेजिमेंटांतले जवान यात होते. इंग्रजी शिरस्त्याप्रमाणे त्यांच्याही वाटण्या झाल्या: जाट, राजपूत, शीख आणि मुसलमान अशी वेगवेगळी गस्तपथकं. वाळूनं मात्र जातधर्म विचारला नाही. गाडीत भार किती आणि टायरमध्ये हवा किती, एवढंच तिनं पाहिलं. घोड्यांचा वारसा सांगणाऱ्या या जवानांना उंटाच्या पावलाची विद्या चाकांवर शिकावी लागली.

ही विद्या अर्धवट असून भागत नसे. सप्टेंबर १९४२ मध्ये बार्चेच्या हल्ल्यासाठी जाताना कॅप्टन टिम्पसन यांची जीप एका टेकडीच्या धारदार माथ्यावरून पलीकडे कोसळली. ते जखमी झाले आणि त्यांच्या चालकाच्या पाठीच्या कण्याला कायमची इजा झाली. मऊ टायर तुम्हाला माथ्यापर्यंत नेतो. पलीकडे काय आहे, हे उतरून आपल्या डोळ्यांनीच पाहावं लागतं.

आज रेडियल टायर आहेत. त्यांच्या बाजूच्या भिंती लवचीक असल्यानं ते छान पसरतात. उंच भिंतीचा टायर वाळूला चांगला, कारण त्यात दबायला जागा असते. खोल नक्षीचा दणकट टायर दिसायला मर्दानी, पण तो चिखलातला गडी. वाळूत तो खणत जातो आणि स्वतःचाच खड्डा करतो. तिथे उथळ नक्षीचा टायर बरा. हवा साधारण पंधरा ते अठरा पौंडांवर आणतात, फारच मऊ वाळूत दहा-बारावर. पण इतक्या कमी हवेवर जोरात वळण घेतलं तर टायर रिंगेतून निसटतो. खडकावर त्याची भिंत फाटते. डांबरी रस्त्यावर वेग घेतला तर तो तापून फुटतो. म्हणून हवा सोडणाऱ्यानं पंप आणि दाब मोजायचं घड्याळ बरोबर ठेवलंच पाहिजे.

उर्दू शायरीत वाळवंटाला सहरा म्हणतात. मूळ शब्द अरबी. त्याच अरबी शब्दाच्या अनेकवचनातून सहारा हे नाव आलं. आधार या अर्थाचा आपला 'सहारा' निराळा, त्याचं कूळ वेगळं. तरीही कवी म्हणून मला हे दोन शब्द शेजारी ठेवावेसे वाटतात. कारण सहऱ्यात चाकाला सहारा मिळतो तो थोडं सैल झाल्यावरच. आणि कडक जमीन लागली की थांबून पुन्हा हवा भरावी लागते. कुठे किती ताठ राहायचं हे ज्याला कळलं, त्याची गाडी पार झाली.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)