नाटालिझुमाब
मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारासाठी मान्यता मिळालेले पहिले मोनोक्लोनल (एकाच कोशिकेच्या वंशजांपासून मिळविलेले) प्रतिपिंड. या विकारात प्रतिरक्षा यंत्रणाच मेंदू व मेरुरज्जू यांतील तंत्रिका तंतूंच्या मायेलिन आवरणाचा नाश करते. हे प्रतिपिंड लसीका कोशिकांना रक्तातून मेंदूत शिरू देत नाही. चाचण्यांच्या केवळ पहिल्या वर्षाच्या निष्कर्षांवरून, काहीशा घाईनेच, अमेरिकेत नोव्हेंबर २००४ मध्ये त्यास मान्यता मिळाली. रोगाच्या झटक्यांचे वार्षिक प्रमाण सु. दोन-तृतीयांशाने घटले होते. परंतु काही रुग्णांत जेसी विषाणुजन्य घातक मेंदुविकार उद्भवल्याने फेब्रुवारी २००५ मध्ये विक्री थांबविण्यात आली. हा विषाणू अनेक निरोगी व्यक्तींतही सुप्तावस्थेत असतो. रक्षक कोशिका मेंदूबाहेर अडविल्या की त्याला वाव मिळतो. गुण व धोका अशा रीतीने एकाच क्रियेतून उद्भवतात. मार्च २००६ मध्ये सल्लागार समितीपुढे अनेक रुग्णांनी धोका पत्करूनही औषधाची मागणी केली आणि जूनमध्ये ते सक्तीच्या नोंदणीच्या अटीवर पुन्हा उपलब्ध झाले. २०१२ मध्ये जेसी विषाणुविरोधी प्रतिपिंडांच्या रक्तचाचणीस मान्यता मिळाल्यावर धोका व्यक्तिपरत्वे अजमावता येऊ लागला. चाचणी होकारार्थी असून उपचार दोन वर्षांहून अधिक चालल्यास तो वाढतो. औषध बंद केल्यास मात्र मूळ रोग उसळू शकतो.