केडगाव ते वढू : मोजलेली आणि न मोजलेली माणसे

पुण्याहून दौंडकडे निघालेली गाडी लोणी, उरुळी, यवत, खुटबाव अशी स्थानके घेत केडगावला येते. काही वर्षांपूर्वी मी या स्थानकावर पहिल्यांदा उतरले, ती पंडिता रमाबाईंच्या छापखान्याचा माग काढण्यासाठी. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर मुक्ती मिशनच्या आवारात तिथल्याच स्त्रियांनी जुळवले आणि छापले. ते पूर्ण रूपात प्रसिद्ध झाले १९२४ मध्ये, म्हणजे रमाबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. माझा विषय मुद्रणाचा इतिहास हा होता. पण कागदपत्रे वाचताना दोन गोष्टी पुन्हा पुन्हा समोर येत राहिल्या आणि मूळ विषय बाजूला पडला. एक म्हणजे रमाबाईंना कमी ऐकू येत असे. दुसरी म्हणजे मुक्तीच्या आवारात अंध स्त्रियांसाठी एक स्वतंत्र घर होते. रमाबाईंवर आपण पुष्कळ लिहिले आहे. त्यांचे पांडित्य, धर्मांतर, शारदासदनाचा वाद, लोकमान्यांशी झालेले मतभेद यांवर पानेच्या पाने भरली आहेत. या दोन गोष्टींना मात्र एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळालेली नाही.

पहिली गोष्ट आधी घेऊ. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे रमाबाईंनी मराठीतून साक्ष दिली. या देशात स्त्री-डॉक्टरांची नितांत गरज आहे, कारण बायका पुरुष डॉक्टरला दुखणे दाखवत नाहीत आणि तशाच मरतात, हा तिच्यातला एक प्रमुख मुद्दा होता. पुढच्याच वर्षी त्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकशास्त्र शिकण्याच्या इराद्याने. तो बेत मोडला तो बहिरेपणामुळे. वँटेजच्या मठात राहून, पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकल्या आणि संस्कृतही शिकवू लागल्या, पण डॉक्टर काही झाल्या नाहीत. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात पदवी घेत होत्या, तेव्हा त्या समारंभाला रमाबाई प्रेक्षकांत होत्या. त्या प्रसंगाकडे आपण दोन मराठी स्त्रियांच्या भेटीचा सोहळा म्हणून पाहतो. मला तो वाचताना दरवेळी एक वेगळीच गोष्ट दिसते : जे शिक्षण स्वतःला घ्यायचे होते, ते दुसरीला मिळताना पाहणारी, कानांनी अधू असलेली एक स्त्री.

सिस्टर जेराल्डिन आणि इतरांशी झालेला रमाबाईंचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांनी संपादित करून प्रसिद्ध झाला. त्या पत्रांतली रमाबाईंची सविस्तर, मुद्देसूद, हट्टी वादपद्धती अभ्यासकांना चकित करते. ही शैली केवळ शास्त्रार्थाच्या परंपरेतून आली, असे म्हटले जाते. ते खरेच आहे. पण ज्या व्यक्तीला समोरासमोरच्या बोलण्यात निम्मे निसटण्याची भीती असते, ती लेखणीवर अधिक विसंबते, हेही तितकेच खरे असावे, असे मला वाटते. हा माझा तर्क आहे आणि तो तर्क म्हणूनच घ्यावा.

आता दुसरी गोष्ट. अनंतशास्त्री डोंगरे आणि लक्ष्मीबाई हे रमाबाईंचे आईवडील १८७४ मध्ये दुष्काळातल्या उपासमारीने गेले. म्हणून १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन मुली घेऊन आल्या, हे समजण्यासारखे आहे. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते. केडगावला सुमारे १०० एकर जमीन आधीच घेतलेली होती. तिथे मुक्ती उभी राहिली. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरात-काठेवाडकडून आणखी मुली आल्या आणि त्या माळरानावरची वस्ती दोन हजारांच्या आसपास पोचली.

या मुलींत अनेक अंध होत्या. त्यामागचे कारण आज वैद्यकाला नीट माहीत आहे. उपासमारीत जीवनसत्त्व ‘अ’ मिळेनासे झाले की आधी रातांधळेपणा येतो, मग बुबुळ कोरडे पडते आणि शेवटी ते विरघळून जाते. त्यात गोवर किंवा अतिसार झाला, तर काही दिवसांतच सगळे संपते. शिवाय देवी आणि खुपऱ्या होत्याच. जीवनसत्त्व ‘अ’चा शोध लागला १९१३ मध्ये, म्हणजे केडगावच्या मुलींना त्यांची दृष्टी का गेली हे सांगू शकणारे शास्त्रच तेव्हा जन्माला आलेले नव्हते. लोक त्याला पूर्वजन्मीचे पाप म्हणत. आंधळी मुलगी म्हणजे लग्नाच्या बाजारात किंमत नाही, शेतात उपयोग नाही. दुष्काळात घरातले कोण आधी मागे टाकले जाते, याचा हिशेब मांडण्याची गरज नाही.

परदेशी शिक्षण घेताना मनोरमाबाई ब्रेल शिकून आल्या होत्या. त्यांनी मुक्तीत अंध मुलींना बोटांनी वाचायला शिकवायला सुरुवात केली. अंधांच्या निवासाला नाव दिले गेले बार्तीमी सदन. वृद्ध आणि दुर्बळ स्त्रियांसाठी प्रीती सदन होते. त्या काळात हिंदुस्थानात अंधांच्या शाळा मोजक्याच होत्या. १८८७ मध्ये ॲनी शार्प यांनी अमृतसरला काढलेली शाळा होती. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये सुरू केलेली शाळा पुढे दादरची अंधशाळा म्हणून नावारूपाला आली. तीही त्याच दुष्काळाचे अपत्य. पुण्याला स्वतःची अंधशाळा मिळायला १९३४ उजाडावे लागले. म्हणजे पुणे शहराच्या तीन दशके आधी दौंड तालुक्यातल्या एका खेड्यात मुली ब्रेल गिरवत होत्या. सगळ्या भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल, म्हणजे भारती ब्रेल, ठरली ती तर १९५१ मध्ये.

या कामाची दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. मुक्तीत आसरा होता, शिक्षण होते, हाताला काम होते, आणि त्याबरोबर धर्मप्रसारही होता. त्यावरून महाराष्ट्रात झालेली टीका सर्वस्वी गैरलागू होती, असे मी म्हणणार नाही. पण टीका करणाऱ्यांपैकी कितीजणांनी दुष्काळातली एक आंधळी मुलगी घरी आणली, हा प्रश्नही उरतोच. माझ्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची मर्यादा निराळी आहे. सदनाच्या भिंतीआत मुलगी माणूस झाली. भिंतीबाहेरचे गाव मात्र होते तसेच राहिले. गावची शाळा, गावची विहीर, गावचे देऊळ यांत तिच्यासाठी जागा झाली नाही. पुढची अनेक दशके आपण अपंगांसाठी जे काही केले, ते बहुतेक याच वळणाचे होते : वेगळी शाळा, वेगळे वसतिगृह, वेगळा कोपरा.

सरकार त्या काळात काय करत होते? सरकार मोजत होते. १८७२ पासून १९३१ पर्यंतच्या प्रत्येक जनगणनेत वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि कुष्ठरोगी यांची नोंद झाली. त्यांच्यासाठी वापरलेला इंग्रजी शब्द ‘व्यंग’ या अर्थाचा होता. मोजून पुढे फारसे काही घडले नाही. घरातले लोक सांगत नाहीत, विशेषतः मुली आणि सुनांबद्दल तर नाहीच, म्हणून आकडे भरवशाचे नाहीत, ही तक्रार जुनीच होती. १९४१ पासून तो प्रश्नच गाळला गेला. स्वतंत्र भारतानेही १९५१, १९६१, १९७१ मध्ये तो विचारला नाही. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष, म्हणून त्या वेळी पूर्ण अंध, पूर्ण मुके आणि पूर्ण पांगळे एवढ्यांपुरता तो परत आला. १९९१ मध्ये पुन्हा गळाला. अपंगांच्या चळवळीने आग्रह धरल्यावर २००१ मध्ये तो आला, आणि तेव्हापासून टिकला.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण २.२१ टक्के. त्यांतले सुमारे ६९ टक्के खेड्यांत. महाराष्ट्रात साधारण २९ लाख ६३ हजार. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँकेचा अहवाल जगातले प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास सांगत होता. पुढे २०२२ च्या अहवालात ते १६ टक्के, म्हणजे १३० कोटी माणसे, असे आले. भारतातली माणसे जगापेक्षा सातपट धडधाकट आहेत, असे कोणी म्हणणार नाही. फरक प्रश्न विचारण्यात आहे. आणखी एक आकडा पाहा : आपल्या जनगणनेत अपंग पुरुष दीड कोटी, तर स्त्रिया १ कोटी १८ लाख. बायकांचे आयुष्य सरासरीने जास्त असते आणि म्हातारपणी व्यंगे वाढतात. तरी बायका कमी कशा? त्या मोजल्या गेल्या नाहीत, किंवा जगल्या नाहीत. दोन्ही उत्तरे सारखीच अस्वस्थ करणारी आहेत.

प्रश्न विचारण्यातला हा फरक मला पुस्तकात कळला होता, पण पटला शिरूर तालुक्यातल्या एका ओसरीवर. एका आजींना मी सरळच विचारले, घरात कोणी अपंग आहे का? “न्हाई बाई, आमच्याकडं तसलं कुणी न्हाई,” त्या म्हणाल्या. मग बोलता बोलता विचारले, आजी, दिसतं का नीट? “चुलीपुरतं दिसतं.” पायऱ्या चढता येतात? “गुडघं धरल्यात. देवळात जाणं सुटलं, त्याला दोन वर्सं झाली.” ऐकू येतं? सुनेने हसून हातानेच नाही म्हटले. डोळे, कान आणि पाय, तिन्ही अधू असलेल्या त्या बाई स्वतःच्या लेखी अपंग नव्हत्या. त्या फक्त म्हाताऱ्या होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने तयार झालेला, वॉशिंग्टन गट नावाने ओळखला जाणारा प्रश्नसंच नेमके हेच करतो. ‘अपंग’ हा शब्द टाळून पाहणे, ऐकणे, चालणे, लक्षात ठेवणे, स्वतःचे आवरणे आणि दुसऱ्याशी संवाद साधणे यांत किती अडचण येते, एवढेच तो विचारतो.

शिरूर तालुक्यात अशा दारोदारच्या विचारपुशीला चांगली परंपरा आहे. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे वढू बुद्रुक सर्वांना ठाऊक आहे. त्याच वढूत १९७० च्या दशकात डॉ. बानू कोयाजींनी पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातर्फे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. शहरातले रुग्णालय कितीही चांगले असले, तरी बाळंतीण तिथवर पोचतच नाही, मग उपयोग काय, हे त्यांचे म्हणणे. गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्य सेविका करायचे, हा त्यांचा मार्ग. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २००४ मध्ये त्या गेल्या. वढूच्या केंद्राने २००२ पासून शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांतल्या प्रत्येक घराची जन्म, मृत्यू आणि स्थलांतराची नोंद ठेवायला सुरुवात केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्धक्यविषयक अभ्यासात या गावांतल्या पन्नाशीपुढच्या पाच हजारांहून अधिक माणसांना रोजची कामे करताना काय अडते, हे विचारले गेले. हंटर आयोगापुढे रमाबाई जे बोलल्या, त्याचे उत्तर भीमेच्याच खोऱ्यात जवळजवळ नव्वद वर्षांनी एका स्त्री-डॉक्टरने दिले, असे मला वाटते. केडगावने माणसाला आत घेतले, वढू माणसाच्या दारी गेले.

कायदेही मधल्या काळात बदलले. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारावर २००७ मध्ये संमतीची मोहोर उमटवली आणि त्यानुसार २०१६ चा कायदा झाला. त्यात २१ प्रकार आले, आणि दया न दाखवता हक्क मान्य करायचा, ही भाषा आली. महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खातेही केले. शब्द तर बदलतच राहिले : आंधळा-पांगळा, अपंग, विकलांग, आता दिव्यांग. पण कायद्याचे लाभ मिळायला ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो, आणि तो देणाऱ्या डॉक्टरसमोर जाऊन बसावे लागते. ज्याला चालता येत नाही, त्यालाच सर्वांत जास्त हेलपाटे पडतात. सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते ती वेगळीच. बहिऱ्या माणसाचा नंबर पुकारला जातो तो तोंडाने. आरोग्यसेवेतली ही अडचण जगभरच्या गरीब देशांत सारखीच आहे. दुखणे इतरांसारखेच असते, पण दवाखान्याची पायरी उंच, तपासणीचे टेबल उंच आणि समजावून सांगायला कोणाला वेळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार काही अपंग व्यक्ती इतरांपेक्षा वीस वर्षांपर्यंत लवकर मरतात. त्यातला बराच भाग व्यंगाचा नसतो, या पायऱ्यांचा असतो.

आज शिरूर आणि दौंड तालुक्यांची ओळख केवळ दुष्काळाची उरलेली नाही. रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभ इथे कारखाने आहेत, दोन्हीकडून महामार्ग जातात, भीमेकाठी ऊस आहे. देवीचा रोग गेला, २०११ नंतर देशात वन्य पोलिओ विषाणूचा नवा रुग्ण सापडला नाही. आता व्यंग येते ते यंत्रात सापडलेल्या बोटांतून, महामार्गावरच्या अपघातातून, मधुमेहाने गेलेल्या पायातून, पक्षाघातातून. कारणे बदलली, पण घराच्या मागच्या खोलीत बसलेले माणूस तेच आहे.

बार्तीमी हे नाव बायबलमधल्या एका आंधळ्या भिकाऱ्यावरून आले आहे. तो वाटेवर बसून येशूला हाका मारतो, भोवतीचे लोक त्याला गप्प बसायला सांगतात, तो आणखी मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो आणि बरे करण्याआधी त्याला विचारतो, तुझ्यासाठी मी काय करावे असे तुला वाटते? त्याला काय हवे असेल, हे समोर उघड दिसत असतानाही विचारतो. कानांनी अधू असलेल्या एका विदुषीने आपल्या आवारातल्या अंध मुलींच्या घरावर हे नाव कोरले, तेव्हा हा प्रश्न तिच्या मनात असणार, असे मला वाटते. आपण अपंगांना आसरा दिला, त्यांची गणती केली, त्यांना दाखले दिले. तुम्हाला काय हवे, हे मात्र अजून फार थोड्यांना विचारले आहे. त्या ओसरीवर मीही ते विचारायची विसरलेच होते. निघताना आजींनी आपणहून सांगितले, “देवळाला एक कठडा करा म्हणावं, धरायला.”