ॲस्पिनवॉलच्या गोदामात

तारीख १२ डिसेंबर २०१२, वार बुधवार. एर्नाकुलमच्या धक्क्यावरून सुटलेल्या सरकारी बोटीत तुम्ही दांडा धरून उभे आहात. बाकं भरलेली आहेत. कुणी कामावर निघालंय, कुणी बाजार करून परततंय. डाव्या हाताला विलिंग्डन बेटावरच्या क्रेन मागे पडतात, उजव्या हाताला वल्लारपाडमचं कंटेनर टर्मिनल. मग फोर्ट कोचीचा किनारा दिसू लागतो आणि डिझेलच्या वासात खाऱ्या पाण्याचा, सुकत घातलेल्या मासळीचा वास मिसळतो. बोट धक्क्याला टेकायच्या आत निम्मी माणसं उड्या मारून उतरलेली असतात. तुम्हीही उतरता.

चार पावलांवर ॲस्पिनवॉल हाउस आहे. १८६७ साली जॉन ॲस्पिनवॉल नावाच्या इंग्रजाने काढलेल्या व्यापारी कंपनीची ही जागा. मिरी, सुंठ, हळद, खोबरेल, लाकूड, पुढे काथ्या, चहा, कॉफी असा सगळा माल या कौलारू इमारतींतून जहाजावर चढला. नंतर ही आवारं वर्षानुवर्षं बंद पडून राहिली. आज फाटक सताड उघडं आहे. पाणी प्यायलेल्या भिंतींवर शेवाळ तसंच आहे, कुणी ते खरवडून काढलेलं नाही. आत करवतीचा आवाज येतोय. एक सुतार शिडीवर चढून तुळईला हुक ठोकतोय, खाली दोघं वायरची गुंडाळी सोडवतायत, आणि एक परदेशी बाई जमिनीवर मांडी घालून त्यांना खुणांनी काहीतरी सांगतेय.

उद्घाटन आजच आहे आणि बरीच कामं अजून पुरी व्हायची आहेत.

कोची-मुझिरिस बिएनालेचा हा पहिला दिवस. भारतात असं काही या आधी झालेलं नाही. दर दोन वर्षांनी एका शहरात जगभरच्या आजच्या कलावंतांनी येऊन, त्या शहराच्या इमारतींत, त्याच्या इतिहासाला धरून काम करायचं, ही पद्धत व्हेनिसमध्ये १८९५पासून चालत आली आहे. इथे ती आणली दोन मल्याळी चित्रकारांनी, बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू यांनी. दोघंही मुंबईचे रहिवासी, दोघंही सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. २०१० साली केरळचे तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री एम. ए. बेबी यांनी त्यांना विचारलं की केरळात कलेसाठी काय करता येईल, आणि त्या बोलण्यातून हे उभं राहिलं. सहज मुळीच नाही. सरकारी पैसा मध्येच अडकला, खर्चावरून आरोप झाले, वर्तमानपत्रांतून वाद रंगले. कलावंतांनी आणि त्यांच्या मित्रांनी पदरमोड केली. शिडीवरचा तो सुतार आज उशिरापर्यंत थांबणार आहे ते उगाच नव्हे.

आवार ओलांडून पाण्याच्या कडेला या. इथे उघड्यावर दगडी रगडे पडले आहेत, दीडशेच्या वर. काही उभे, काही कलंडलेले. शीला गौडा आणि क्रिस्टोफ स्टॉर्झ यांनी ते म्हैसूरकडून आणले. खाली वाका आणि एकाच्या खळग्यात हात घाला. आतला दगड काचेसारखा गुळगुळीत लागतो. दोन-तीन पिढ्यांच्या बायकांनी त्यात डाळ-तांदूळ वाटलेत, त्याशिवाय ग्रॅनाइट असा झिजत नाही. बाहेरची बाजू मात्र टाकीचे घाव जसेच्या तसे दाखवते. मिक्सर आले, जुनी घरं पडली आणि हे रगडे रस्त्याच्या कडेला येऊन बसले. घरात ठेवायला जागा नाही, आणि पुजलेली वस्तू फोडायला हात धजत नाही. आपल्याकडेही गावच्या पारावर, विहिरीच्या काठावर जाती आणि पाटे असेच टेकवून ठेवलेले तुम्ही पाहिले असतील. जिथून मसाल्याची पोती परदेशी गेली त्या धक्क्यावर आता मसाला वाटणारा दगड उभा आहे, बोटीची वाट बघत असल्यासारखा. शेजारी पाटी आहे, पण ती वाचली नाही तरी चालेल.

तिथून विवान सुंदरम यांच्या खोलीत शिरा. जमिनीवर एक अख्खं शहर पसरलं आहे, आणि ते मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांचं आहे. हे तुकडे पट्टणमचे. कोचीच्या उत्तरेला, पेरियार नदीच्या मुखाजवळच्या या गावात २००७पासून उत्खनन चाललं आहे. रोमन मद्याच्या सुरया, काचेचे आणि मौल्यवान दगडांचे मणी, मिरीचे दाणे, लाकडी होडी असं पुष्कळ काही तिथे निघालं, आणि मुझिरिस नावाचं प्राचीन बंदर ते हेच असावं असं अनेक अभ्यासकांना वाटतं. मोजणी-नोंदणी होऊन उरलेल्या हजारो खापऱ्या सुंदरम यांनी इथे मांडल्या. पडद्यावर त्याच नगरात पाणी शिरताना दिसतं, मिरीचे दाणे वर तरंगू लागतात.

थोडं थांबा इथे, आणि त्या पाण्याबरोबर मागे चला.

इसवी सनाचं पहिलं शतक आहे. पावसाळी वारा पाठीशी घेऊन तांबड्या समुद्राच्या मुखावरून निघालेलं जहाज चाळीस दिवसांत मुझिरिसला पोचतं, असं रोमन लेखक प्लिनी लिहून ठेवतो. तुमच्यासमोर नदीच्या मुखाशी जहाज नांगरलेलं आहे आणि छोट्या होड्या मिरीची पोती त्याच्याकडे नेतायत. पोतं फुटून सांडलेले काळे दाणे चिखलात तुडवले जातात. किनाऱ्यावर ग्रीक, तमिळ आणि अरबी एकदमच कानावर पडतात. शंभरेक वर्षांनी याच व्यापाराचा एक करार पपायरसवर लिहिला जाईल, त्यात हर्मापोलॉन नावाच्या जहाजाचा माल नोंदला जाईल, आणि तो कागद आज व्हिएन्नात आहे. पुढे चला. १३४१. पेरियारला महापूर आलाय. गाळाने जुनं बंदर बुजलं आणि दक्षिणेला समुद्राने नवं तोंड उघडलं, असं मानलं जातं. त्या तोंडावर कोची वसलं. मघाशी तुम्ही बोटीतून आलात ती खाडी त्या पुराची देणगी आहे.

खोलीतून बाहेर येता तेव्हा संध्याकाळ झालेली असते. परेड ग्राउंडवर, जिथे पोर्तुगीज, डच आणि इंग्रज सैनिकांनी आळीपाळीने कवायती केल्या, तिथे श्रीलंकन तमिळ मुळांची ब्रिटिश गायिका एम. आय. ए. गातेय. पुढच्या तीन महिन्यांत सुमारे चार लाख माणसं हे प्रदर्शन बघून जातील. गॅलरीत कधी पाऊल न टाकलेली माणसं त्यांत मोठ्या संख्येने असतील.

आता दोन वर्षं पुढे. तारीख १४ डिसेंबर २०१४, रविवार. तीच बोट, तेच फाटक. या खेपेचे क्युरेटर आहेत जितिश कल्लाट, हेही मुंबईचे आणि जे. जे.चेच. त्यांनी दोन धागे हाती घेतलेत. एक, माधवासारख्या केरळी गणितींनी चौदाव्या ते सोळाव्या शतकात केलेलं अनंत श्रेणींचं आणि ग्रहगतीचं काम. दुसरा, त्याच काळात या किनाऱ्याला लागलेली वास्को द गामाची जहाजं. ३० देशांतले ९४ कलावंत आलेत.

समुद्राकडच्या खोलीपाशी रांग आहे. आत पाय ठेवण्याआधीच जमिनीची थरथर तळव्यांना जाणवते. फरशीत गोल खड्डा आहे आणि त्यात काळं पाणी भोवऱ्यासारखं गरागरा फिरतंय, मध्यभागी खोल खचत. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं हे काम, ‘डिसेन्शन’. एक आजी कठडा घट्ट धरून बघतेय आणि नातवाला दुसऱ्या हाताने मागे ओढतेय. फोन काढलेले लोक फोटो घ्यायचं विसरून नुसते बघत राहतात. खिडकीपलीकडे बंदरात शिरणारं जहाज दिसतं. मोठं काम आहे, यात शंका नाही.

तरी तुम्हाला मी जिथे जास्त वेळ थांबवणार आहे ती जागा वेगळी आहे. ती आहे विटांची भिंत. साध्या भाजलेल्या विटा. एकेका विटेच्या तोंडावर एकेक चित्र, गावातलं आणि घरातलं, रोजच्या जगण्यातलं. लांबून नुसती रंगीत भिंत वाटते. हातभर अंतरावर या. विटेने रंग प्यायलाय, मातीचा खडबडीतपणा रंगाखालून वर येतो, आणि तुमची नजर एका विटेवरून दुसरीवर उडी मारत राहते. सलग गोष्ट कुठेच नाही, एकेक विटेत एकेक दिवस आहे. चित्रकाराचं नाव उण्णीकृष्णन सी. वय तेवीसच्या आसपास. पालक्काड जिल्ह्यातल्या पेळुंपारा गावचा मुलगा, त्रिशूरच्या सरकारी कला महाविद्यालयात शिकलेला. आपल्या घराच्या भिंतीच्या विटांवर तो रोजनिशी लिहावी तशी चित्रं काढायचा. ती सवय इथवर आली. त्याच्या नावामागे गॅलरी नव्हती, महानगर नव्हतं. पुढच्याच वर्षी, २०१५ साली, शारजा बिएनालेत त्याचं काम लागेल.

त्याच आवारात, त्याच तिकिटावर अनिश कपूर आणि उण्णीकृष्णन. कुणाची पाटी मोठी नाही की कुणाची खोली मागे नाही. माझ्या मते बिएनालेने केलेलं सगळ्यात मोलाचं काम हे आहे. परदेशी नावं पैसा उभा केला की येतात. गावाकडच्या तेवीस वर्षांच्या मुलाचं काम त्यांच्या बरोबरीने लावायला नजर लागते, आणि आधी त्याच्या गावापर्यंत जावं लागतं.

रस्त्याला लागून थोडं पुढे पेपर हाउस. दारातच ऊद आणि लोबानचा वास अंगावर येतो. बेनिथा पर्सियाल मूळच्या तिरुवण्णामलैच्या. ख्रिस्ताची आणि संतांची शिल्पं त्यांनी धूप, बोळ, झाडांच्या साली, लवंग, दालचिनी यांच्या लगद्यातून घडवलीत. हात तुटलेले, अंग तडकलेलं, रंग गडद तपकिरी. थॉमस हा येशूचा शिष्य याच किनाऱ्यावर उतरला अशी इथल्या ख्रिस्ती समाजाची श्रद्धा आहे, आणि ही शिल्पं इथल्या मसाल्याच्या पदार्थांतून उठलेली बघताना त्या श्रद्धेचं वय कळतं. आजच्या दमट हवेत शिल्पं हळूहळू बदलतायत. पुढच्या महिन्यात आलात तर वासही वेगळा असेल.

सुधीर पटवर्धन आणि प्राजक्ता पोतनीस ही ठाण्याची नावं पाट्यांवर भेटली की बरं वाटतं. पण संध्याकाळ व्हायच्या आत मट्टांचेरीला जा. तिथल्या गोदामांत याच वर्षी ‘स्टुडंट्स बिएनाले’ सुरू झाली आहे. तरुण क्युरेटर देशभरच्या सरकारी कला महाविद्यालयांत फिरले, आणि कॉलेजच्या आवाराबाहेर कधी न गेलेली कामं त्यांनी इथे आणली. काही कच्ची आहेत, काही कुणाच्या तरी नकलेतून न सुटलेली, आणि अधूनमधून एखादं असं की तुम्ही नाव वहीत टिपून घेता. शेजारच्या गल्लीत कोकणी ऐकू येईल, दचकू नका. पोर्तुगीजांच्या काळात गोवा सोडून आलेल्या गौड सारस्वतांची ही वस्ती आहे. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्तुस मलाबारिकुस’ हा डचांचा ग्रंथ सिद्ध करताना इथल्या कोकणी वैद्यांनी मदत केली, आणि त्याच्या पहिल्या खंडात त्यांचं १६७५चं प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलं आहे.

तिथून पुढची वर्षं आणि त्यांचे क्युरेटर भरभर जातात. २०१६ सुदर्शन शेट्टी, २०१८ अनिता दुबे, मग साथीने मोडलेलं चक्र, २०२२ला उद्घाटनाच्या तोंडावर अकरा दिवस पुढे ढकलायची नामुष्की, २०२५ला गोव्यात काम करणारे निखिल चोप्रा. अडचणी संपल्या नाहीत. तरी दार उघडत राहिलं.

आता परत या आणि मुंबईकडे बघा. जे. जे. १८५७पासून उभं आहे, आणि कोची घडवणारे हात तिथेच तयार झाले. २०१७ साली ससून डॉकमध्ये प्रदर्शन भरलं तेव्हा कोळिणींच्या शेजारी उभं राहून लोकांनी चित्रं बघितली, म्हणजे आपल्याकडे बघणारे नाहीत असं नाही. जागाही आहेत: बंद गिरण्या, बंदरातली गोदामं, कोल्हापूर-सांगलीचे जुने वाडे. कमी आहे ती दर दोन वर्षांनी, वाद झाले तरी, पैसे अडकले तरी, दार उघडण्याच्या जिद्दीची आणि त्यामागे ठामपणे उभ्या राहणाऱ्या सरकारची. नागपूर, औरंगाबाद, कोल्हापूरच्या कला महाविद्यालयांत शिकवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. पुढची बिएनाले भरेल तेव्हा शेवटच्या वर्षाच्या मुलांना घेऊन कोचीला जा. मुंबईहून एर्नाकुलमला थेट रेल्वे आहे, आणि पुढे बोट.