फाळक्यांचे बिऱ्हाड

आमचे शहाड मुंबई-नाशिक लोहमार्गावर आहे. नाशिककडची गाडी धडधडत गेली, की मला दादासाहेब फाळके आठवतात. १९१३ साली मुंबईचे बिऱ्हाड हलवून ते बायकामुलांसह नाशिकला गेले.

१८७० साली त्र्यंबकेश्वरी एका शास्त्र्यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. मुंबई-बडोद्याला ते कला शिकले. १९०९ साली छपाईच्या विद्येसाठी त्यांनी जर्मनी गाठली. १९१२ साली विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते लंडनला गेले व चित्रपटाचा कॅमेरा घेऊन आले. एवढा मुलूख पाहिला, परंतु त्यांची चित्रशाळा स्वयंपाकघराला लागूनच राहिली.

‘राजा हरिश्चंद्र’मधला रोहिदास म्हणजे त्यांचा मुलगा भालचंद्र. पुढे १९१९ साली ‘कालिया मर्दन’मध्ये कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. आणि सरस्वतीबाई? लेकरे सांभाळून त्यांनी अंगावरचे दागिने दिले, साऱ्या मंडळींना रांधून वाढले, अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोके पाडली, उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांवर उजेड पाडला.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात तो चित्रपट लोकांपुढे आला. दादासाहेब १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला वारले. आज त्यांच्या नावाने चित्रसृष्टीतला देशाचा सर्वोच्च पुरस्कार दिला जातो.

कलेपायी संसार पणाला लावणारा पुरुष आपल्याकडे थोर ठरतो. ते योग्यच, पण तो संसार दोघांचा असतो. वाचकहो, ह्या दिवाळीत फाळक्यांच्या नावाने पणती लावाल, तर शेजारी दुसरीही लावा.